मेंदूची सूज आणि मिळालेली मुदत

गोदामाचे गणित व्यापारी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. चार भिंती ठरलेल्या असतात आणि आत जेवढी पोती मावतात तेवढीच मावतात. नवा माल आला तर जुना हलवावा लागतो. हलवायला जागा उरली नाही की थप्प्या कलतात, मधली वाट बंद होते आणि तळची पोती दबून फुटतात. मानवी कवटीची रचना याहून फारशी निराळी नाही. बालपणी टाळू भरून हाडे जुळली की तिच्या भिंती कायमच्या ठरून जातात. प्रौढ माणसाच्या कवटीत सुमारे दीड लिटर जागा असते. तिच्यातील दहापैकी आठ भाग मेंदूने व्यापलेले असतात. उरलेले दोन भाग रक्त आणि मेंदूभोवती खेळणारे निर्मळ पाणी यांनी साधारणतः निम्मे निम्मे वाटून घेतलेले असतात. या तिघांपैकी एकाने अधिक जागा घेतली तर दुसऱ्याला मागे सरावे लागते, हा नियम स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली आणि जॉर्ज केली यांनी १८२४ साली मांडला. आजही तो त्या दोघांच्याच नावाने शिकवला जातो.

मेंदूत गाठ झाली असे ऐकले की घरातील माणसांच्या डोळ्यांसमोर ती गाठच उभी राहते. परंतु पुष्कळदा रोग्याला प्रथम छळते ती गाठ नसून गाठीभोवतालची सूज असते. गाठ लिंबाएवढी आणि सूज मोसंब्याएवढी, असे चित्र तपासणीच्या फिल्मवर वारंवार दिसते. हा भेद समजून घेणे केवळ वैद्यांचे काम नव्हे. तो समजला नाही म्हणून सुजाण घरांतूनही घातक निर्णय घेतले जातात.

सूज येते कशी? मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीराच्या इतर भागांतील वाहिन्यांहून अधिक घट्ट विणलेल्या असतात. रक्तातील वाटेल तो पदार्थ मेंदूत शिरू नये म्हणून निसर्गाने ठेवलेला हा चोख पहारा होय. गाठ वाढताना स्वतःच्या पोषणासाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करविते आणि त्यासाठी काही रासायनिक द्रव्ये सोडते. या घाईने उभ्या राहिलेल्या वाहिन्यांची वीण सैल असते आणि जुन्या वाहिन्यांचा पहाराही ढिला पडतो. मग रक्तातील पाणी आणि प्रथिने झिरपून मेंदूच्या पांढऱ्या भागात, जेथे तंतूंचे जाळे असते तेथे, पसरत जातात. इगोर क्लाट्झो या संशोधकाने १९६७ साली मेंदूच्या सुजेचे दोन मुख्य प्रकार सांगितले. एकात वाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपते. दुसऱ्यात पेशी स्वतःच पाणी शोषून फुगतात. गाठीभोवतालची सूज प्रामुख्याने पहिल्या प्रकारची असते, तर रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या पक्षाघातात प्रारंभी दुसरा प्रकार आढळतो. एका प्रकारावर अत्यंत गुणकारी ठरणारे औषध दुसऱ्यावर जवळजवळ निरुपयोगी असते, म्हणून या वर्गीकरणाला महत्त्व आहे.

या सुजेच्या खुणा हळूहळू उमटतात आणि बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी नावावर खपून जातात. पहाटे किंवा सकाळी उठताच डोके दुखते, कारण रात्रभर आडवे राहिल्याने आणि झोपेत श्वास मंदावल्याने कवटीतील रक्त वाढते व दाब चढतो. उलटी होते आणि उलटीनंतर जरा बरे वाटते. त्याला पित्त म्हटले जाते. दृष्टी क्षणभर अंधारते, त्याला चष्म्याचा नंबर म्हटले जाते. स्वभाव बदलतो, उत्साह मावळतो, त्याला वय म्हटले जाते. चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात प्रथमच आलेली फिट मात्र कशाच्याही नावावर खपवू नये.

मराठवाड्यातील एका बाजारपेठेच्या गावी धान्याची आडत असलेल्या एका शेठजींच्या बाबतीत ही खूण खातेवहीत उमटली. वय बासष्ट, व्यवहार चोख, तोंडी हिशेबात गावात कोणी हात धरणार नाही अशी ख्याती. वैशाखापासून त्यांच्या बेरजा चुकू लागल्या. आधी आणे-पैशांसारख्या किरकोळ चुका, नंतर एका शेतकऱ्याची पट्टी दोनदा दिली गेली. थोरल्या मुलाने रात्री रोजमेळ तपासून चुका गुपचूप दुरुस्त केल्या. वडिलांना त्या दाखवून द्याव्यात हे त्याच्या मनाला पटेना. पुढे बोलताना साधा शब्द आठवेनासा झाला. तराजूला ‘ते वजनाचे’ म्हणू लागले. डोळे तपासायला गेले असता तेथील डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आत पाहिले आणि चष्म्याचा नंबर काढण्याऐवजी त्याच दिवशी मेंदूची तपासणी करण्यास सांगितले. डोळ्याच्या पडद्यामागील नेत्रतंतूचे मुख सुजलेले होते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली डोळ्यात पाहण्याचे उपकरण सिद्ध केले तेव्हापासून, कवटी न उघडता आतील दाबाचा अंदाज घेण्याची ही खिडकी वैद्यांना उपलब्ध आहे.

सी.टी. स्कॅन म्हणजे क्ष-किरणांनी मेंदूचे काप काढून पाहण्याची रीत. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रोग्यावर ती वापरली गेली आणि तिचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या चित्रात सूज काळसर दिसते. एम.आर.आय.च्या विशिष्ट चित्रांत तीच सूज शुभ्र दिसते आणि पांढऱ्या भागातून हाताच्या बोटांसारखी पसरलेली असते. शिरेतून औषध देऊन पुन्हा चित्र घेतले की गाठ उजळून उठते आणि गाठ कोठे संपते, सूज कोठे सुरू होते, हे निराळे काढता येते. डॉक्टर आणखी एक गोष्ट मोजतात. मेंदूच्या दोन अर्धगोलांमधील मध्यरेषा किती मिलीमीटर सरकली आहे? गोदामातील थप्पी किती कलली आहे, हे त्यावरून कळते. चित्रात दिसणारी प्रत्येक सूज कर्करोगाचीच असते असेही नाही. आपल्या देशात क्षयाची गाठ, पू झालेली गाठ, पट्टकृमीच्या अंड्यांतून होणारा मेंदूचा विकार, हे सारे तशीच सूज निर्माण करतात. त्यांतील शेवटचा विकार शाकाहारी माणसालाही होतो, कारण ती अंडी दूषित पाण्यातून व न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात. म्हणून निदान पक्के होईपर्यंत धीर धरावा लागतो. आत दाब वाढला असेल तर पाठीतून पाणी काढण्याची तपासणी धोक्याची ठरू शकते, हेही डॉक्टर ध्यानात ठेवतात.

शेठजींना डावीकडे पुढच्या भागात, मेंदूच्या आवरणातून उगवलेली गाठ होती. अशा गाठी बहुधा सौम्य असतात. त्या काढल्या की माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. परंतु त्यांच्याभोवतीही मोठी सूज येऊ शकते, आणि येथे ती आली होती. डॉक्टरांनी डेक्सामेथासोन नावाची गोळी लिहून दिली आणि शस्त्रक्रियेसाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख ठरवली.

या औषधाची कथा जाणण्यासारखी आहे. १९६० पूर्वी मेंदूच्या गाठीचे रोगी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर सुजेनेच मोठ्या संख्येने दगावत. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ गॅलिचिच आणि लायल फ्रेंच या शल्यविशारदांनी १९६१ साली डेक्सामेथासोनचा अनुभव प्रसिद्ध केला आणि काही वर्षांतच मेंदूच्या शस्त्रक्रियेचे रूप पालटले. हे द्रव्य आपल्या मूत्रपिंडावरील ग्रंथी जो स्राव रोज निर्माण करतात त्याचेच अनेक पटींनी प्रबळ असे कृत्रिम रूप आहे. ते सैल झालेल्या वाहिन्यांची वीण पुन्हा घट्ट करते आणि झिरपणे थांबवते. एक-दोन दिवसांत डोकेदुखी ओसरते, लुळा हात उचलला जातो, अडखळणारी जीभ मोकळी होते. औषध तर इतके स्वस्त की पट्टीला काही रुपयेच पडतात.

शेठजींचेही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी ते दुकानात बसले आणि मागील महिन्याचा रोजमेळ स्वतः तपासून मुलाने केलेल्या दुरुस्त्या शोधून काढल्या. घरात आनंद झाला. सूनबाईंनी सकाळच्या नवकारशीनंतर एक व दुपारच्या जेवणाबरोबर एक अशी गोळ्यांची वेळ बसवली. या औषधाने झोप उडते म्हणून दुसरी मात्रा दुपारीच घ्यावी, असे डॉक्टरांनीच सांगितले होते. त्यामुळे चौविहाराच्या नियमालाही बाध आला नाही. पुन्हा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “शेठजी, सूज उतरली आहे. गाठ आहे तिथेच आहे.” शेठजींनी वाक्याचा पूर्वार्ध ऐकला. शस्त्रक्रिया दिवाळीच्या वहीपूजनानंतर करू, असे ते घरी सांगू लागले. तारीख पुढे ढकलली गेली.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर डेक्सामेथासोन कर्ज फेडत नाही. ते मुदत वाढवून देते. त्या मुदतीत गाठीचा निकाल लावायचा असतो, मग तो शस्त्रक्रियेने असो, किरणोपचाराने असो वा अन्य औषधांनी. आणि मुदतीवर व्याज चढतेच. साखर वाढते, विशेषतः दुपारनंतर, आणि मधुमेह नसलेल्यालाही तो होऊ शकतो. तोंड येते, चेहरा गोल होतो, जंतुसंसर्गाला शरीर सहज बळी पडते, मन अस्वस्थ होते. मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. सामायिकासाठी जमिनीवर बसलेल्या माणसाला हातांचा आधार घेतल्याशिवाय उठता येईनासे झाले, तर ते वयामुळे आहे असे समजून गप्प न राहता डॉक्टरांना सांगावे. म्हणून गरजेपुरतीच लहान मात्रा देण्याकडे आता कल आहे. नेदरलँड्समध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शरीराच्या अन्य भागातून मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या रोग्यांना दिवसाला ४ मिलिग्रॅम आणि १६ मिलिग्रॅम देऊन तुलना केली गेली. ज्यांची शुद्ध शाबूत होती अशांमध्ये आठवड्यानंतरची सुधारणा सारखीच होती. अधिक मात्रेने दुष्परिणाम तेवढे वाढले. काही रोग्यांत तर निदानापूर्वी हे औषध देणे शक्यतो टाळतात. मेंदूतील लिम्फोमा या प्रकारची गाठ या औषधाने काही काळ विरघळते आणि तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात तिचा माग लागत नाही.

पर्युषण आले. दरवर्षी अठाई करणाऱ्या शेठजींनी याही वर्षी आठ उपवासांचा संकल्प केला आणि घरच्यांना केवळ एकाशन करीत असल्याचे भासवले. साध्वीजींनी प्रत्याख्यान दिले; आजाराविषयी त्यांना काहीच सांगितलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूनबाईंच्या लक्षात आले की गोळ्यांच्या पट्टीतील घरे कालइतकीच भरलेली आहेत. त्यांनी विचारले तेव्हा शेठजी हसून म्हणाले, “बेटा, मला आता काही झालेले नाही. आठ दिवस शरीराला विश्रांती देऊ.”

येथे दोन संकटे एकाच वेळी चालून येतात. औषध थांबले की वाहिन्यांची वीण पुन्हा सैल होऊन सूज परतते. शिवाय बाहेरून प्रबळ स्राव मिळत राहिल्यामुळे शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी काही आठवड्यांत सुस्तावलेल्या असतात. औषध एकाएकी बंद झाले तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. रक्तदाब कोसळतो, साखर उतरते, ग्लानी येते, आणि उपवासात हे अधिकच अवघड होते. म्हणूनच हे औषध कितीही बरे वाटले तरी आपल्या मनाने थांबवायचे नसते. डॉक्टर सांगतील त्या पायऱ्यांनी, काही दिवस किंवा काही आठवडे लावून, उतरवत न्यायचे असते.

चौथ्या दिवशी पहाटे शेठजींना उलट्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत ते हाकेला ओ देईनासे झाले. ज्यांच्या मेंदूत गाठ असल्याचे ठाऊक आहे अशा घरात ही चिन्हे प्रत्येकाला माहीत असावीत. वाढती झोप, न थांबणारी उलटी, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी होणे, अंगाची एक बाजू ढिली पडणे, फिट येऊन शुद्धीवर न येणे. त्याच्या पुढची पायरी हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिली. रक्तदाब चढतो, नाडी मंदावते, श्वास अनियमित होतो. मेंदूचा तळ दबू लागल्याची ती खूण आहे आणि तेव्हा मिनिटे मोजावी लागतात. अशा रोग्याला पाणी वा औषध तोंडाने पाजू नये. डोके थोडे उंच व मान सरळ ठेवून, उलटी होत असल्यास कुशीवर वळवून, जेथे मेंदूची शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात न्यावे.

रुग्णालयात पलंगाचे डोके तीस अंशांनी उचलतात, म्हणजे मेंदूतील नीलरक्त खाली उतरायला मदत होते. मॅनिटॉल नावाचे शर्करावर्गीय द्रव्य शिरेतून भरभर देतात. ते रक्तात राहून मेंदूतील पाणी आपल्याकडे खेचून घेते व मूत्रावाटे बाहेर काढते. पंधरा-वीस मिनिटांत परिणाम दिसू लागतो, पण तो काही तासच टिकतो. काही वेळा त्याऐवजी ३ टक्के मिठाचे पाणी वापरतात. नुसत्या साखरेच्या पाण्याची बाटली अशा रोग्याला सहसा लावत नाहीत, कारण साखर शरीरात वापरली गेली की उरलेले पाणी मेंदूत शिरून सूज वाढवते. ‘अशक्तपणासाठी एक ग्लुकोज लावा’ हा गावोगावचा आग्रह येथे अपायकारक ठरतो. शेठजींना मॅनिटॉल आणि शिरेतून डेक्सामेथासोन दिले गेले आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून गाठ काढण्यात आली. ती सौम्यच निघाली.

ते वाचले. औषध पाच आठवड्यांत पायरीपायरीने बंद झाले. शब्द मात्र अजून अधूनमधून अडतात आणि तोंडी हिशेब पूर्वीसारखा होत नाही. आता रोजमेळ मुलगा लिहितो. ठरलेल्या तारखेला शस्त्रक्रिया झाली असती तर एवढेही गमवावे लागले नसते की काय, या प्रश्नाला डॉक्टरांनी निश्चित उत्तर दिले नाही.

रुग्णालयातून परतल्यावर कुटुंब साध्वीजींच्या दर्शनाला गेले. व्रत मोडल्याची खंत शेठजींच्या मनात होती. साध्वीजींनी त्यांना स्मरण दिले की उपवासाच्या प्रत्याख्यानातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेले असतात आणि त्यांत शरीराच्या तीव्र पीडेत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधाला वाट ठेवलेली आहे. आजार लपवला नसता तर प्रत्याख्यान देण्यापूर्वीच त्यांनी डॉक्टरांचे मत विचारायला सांगितले असते. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी पर्वाच्या आधी ही दोन्ही माणसे, वैद्य आणि गुरू, यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. तप करण्याची इच्छा असलेल्याला स्वाध्याय, मौन, जप, रात्रिभोजनत्याग, परिग्रहाची मर्यादा असे अनेक मार्ग उरतात. त्यांपैकी एकानेही गोळी चुकत नाही.

प्रत्येक गाठ सौम्य निघत नाही. घातक गाठीत शस्त्रक्रिया आणि किरणोपचारानंतरही सूज परतते. किरणोपचाराने तर ती काही काळ वाढूही शकते, आणि तेव्हा गाठ वाढली की उपचाराचीच प्रतिक्रिया आहे हे ओळखणे निष्णात डॉक्टरांनाही कठीण जाते. वाहिन्यांची गळती घडविणाऱ्या द्रव्यालाच अडविणारे बेव्हासिझुमॅब नावाचे औषध निवडक रोग्यांना दिले जाते; ते महाग आहे, आणि त्याने जखम भरण्यास विलंब होण्याचा व रक्तस्रावाचा धोका असतो.

जेथे बरे होण्याची आशा उरलेली नसते तेथेही सुजेचा उपचार निरर्थक ठरत नाही. सूज उतरली की पुष्कळदा रोग्याची वाचा आणि भान काही आठवडे, कधी काही महिने परत येते. त्या दिवसांत माणूस भागीदारीचा व्यवहार स्वतः मिटवू शकतो, मुलाबाळांची नावे घेऊन त्यांच्याशी बोलू शकतो, ज्याच्याशी वर्षानुवर्षे अबोला होता त्याची क्षमा मागू शकतो. आपल्या परंपरेने अंतकाळी जी सजगता मोलाची मानली, तिचाही आधार शेवटी हेच भान आहे. सुजलेल्या मेंदूने, अर्ध्या ग्लानीत घेतलेल्या किंवा इतरांनी घेवविलेल्या निर्णयाला संकल्प म्हणता येणार नाही. उपचार किती करायचा, कोठे थांबायचे, हे ठरवण्याची वेळ आलीच तर ते रोगी शुद्धीवर असताना, त्याच्याशी बोलून ठरवावे. औषध थांबवायचे झाले तरी ते वेदनाशमनाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावे, म्हणजे अखेरचे दिवस डोकेदुखी आणि उलट्यांत जाणार नाहीत.

तोवर घरात एक साधी शिस्त पाळता येते. गोळ्या कोणी द्यायच्या हे ठरवावे आणि एका वहीत रोजची मात्रा, साखर, झोप, डोकेदुखी लिहून ठेवावी. दात काढायला गेले तरी त्या दंतवैद्याला हे औषध चालू असल्याचे सांगावे. औषधाच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर परस्पर गोळ्या आणू नयेत, आणि पट्टी संपण्याच्या चार दिवस आधी नवी आणून ठेवावी. डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारायचा पहिला प्रश्नही त्याच वहीत लिहून ठेवावा: सूज उतरली आहे, आता गाठीचे काय करायचे आणि कोणत्या तारखेला?